टोमॅटोच्या बुडाला काळा डाग: आधी पाणी, मग खत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावरची गच्ची. १२ इंची ग्रो बॅगा, प्रत्येक बॅगेत दोन झाडं, नोव्हेंबरात लावलेली. मिश्रण कोकोपीट, माती आणि गांडूळखताचं. रोज सकाळी प्रत्येक बॅगेला एक मग पाणी आणि दर आठवड्याला १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं (विद्राव्य) खत. आता फेब्रुवारीत झाडं कमरेच्या वर गेली आहेत, पानं गर्द हिरवी आहेत, पण निम्मी फुलं गळतात आणि जी फळं धरली त्यांच्या बुडाला काळा, चामट डाग पडतोय. कुणी सांगतं अंड्याची टरफलं घाला, कुणी केळीच्या सालींचं पाणी, कुणी कॅल्शियमची फवारणी. नेमकं काय करायचं, पाणी किती द्यायचं आणि खत कोणतं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. खत दोन आठवडे पूर्ण बंद करा. पाणी आजपासून तिप्पट-चौपट करा आणि देण्याची पद्धत बदला. तुमच्या झाडांना अन्न कमी पडलेलं नाही. त्यांना पाणी कमी आणि अनियमित मिळतंय, आणि त्यावर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. घरच्या टोमॅटोचे जे प्रश्न लोक खताचे समजून माझ्याकडे आणतात, त्यातले बहुतेक मुळात पाण्याचे असतात.

डाग पडलेलं एक फळ उभं कापून बघा. देठाकडचा भाग निरोगी असेल. बुडाशी, जिथे फूल होतं तिथे, सालीखाली तपकिरी, कोरडा, बुचासारखा गर दिसेल. त्याला घाण वास नसतो, अळी नसते, भोक नसतं. भोक आणि आत विष्ठा दिसली तर ती फळ पोखरणारी अळी, तो वेगळा विषय. काही वेळा वरून फळ चांगलं दिसतं आणि कापल्यावर आतच काळं निघतं, तेही याच दुखण्याचं रूप. हा बुरशीचा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशक फवारून काही होणार नाही. फळ वाढत असताना त्याच्या बुडाच्या पेशींना कॅल्शियम पोचलं नाही आणि त्या मेल्या, एवढंच घडलंय.

इथेच सगळे टरफलांकडे धावतात. कॅल्शियम कमी पडलं म्हणजे कॅल्शियम घालावं, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण ते फळापर्यंत जातं कसं, हे बघायला हवं. झाडात कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबरच वर चढतं. पानं पाणी हवेत सोडतात, त्या ओढीने मुळं खालून पाणी घेतात, आणि त्यात विरघळलेलं कॅल्शियम सोबत येतं. पानांतून भरपूर पाणी उडतं, म्हणून मोठा वाटा पानांकडे जातो. फळाच्या गुळगुळीत सालीतून पाणी जवळजवळ उडतच नाही, म्हणून त्याच्या वाट्याला थोडंच येतं, आणि बूड तर त्या वाटेचं शेवटचं टोक. एकदा पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम तिथून उठून फळात येत नाही. फळ गोटीएवढं असल्यापासून लिंबाएवढं होईपर्यंतच्या काळात दोन-तीन दुपारी मुळांशी कोरड पडली, की बुडाचा पुरवठा तुटतो. डाग आपल्याला दिसतो तो त्यानंतर काही दिवसांनी. म्हणून आज दिसणारा डाग हा आधीच्या आठवड्यातल्या तहानेचा असतो.

कॅल्शियम मिश्रणात आहे की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत बहुधा चुना भरपूर असतो, बोअरच्या जड पाण्यातही असतो. अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, पण ती विरघळायला आम्लता लागते आणि भरपूर वेळ लागतो. या हंगामात घातलेली टरफलं या हंगामातल्या फळांना उपयोगी पडणार नाहीत. बारीक कुटून खताच्या डब्यात टाका, वाया जाणार नाहीत. फवारणीचंही तसंच. पानावर पडलेलं कॅल्शियम पानातच राहतं. वाढत्या फळावर नेमकी फवारणी झाली तर थोडा फायदा होतो, पण मुळाशी पाणी नसेल तर त्यावर विसंबू नका.

लांबट फळांच्या जातींत हा डाग जास्त येतो, चेरी टोमॅटोत क्वचितच. पुढच्या वेळी जात निवडताना हे लक्षात ठेवा.

आता पाणी. तुमचा मग म्हणजे पाऊण ते एक लिटर धरू. १२ इंची बॅगेत साधारण २० लिटर मिश्रण मावतं. कमरेपर्यंत वाढलेलं, फळं लागलेलं एक झाड पुण्याच्या डिसेंबरात दिवसाला एक-दीड लिटर पाणी पितं, फेब्रुवारीच्या अखेरीला दोन लिटरच्या आसपास, आणि मार्चच्या कोरड्या वाऱ्यात तीनपर्यंत जातं. तुमच्या बॅगेत दोन झाडं आहेत. चौथ्या मजल्यावरचा वारा आणि तापलेली फरशी वेगळीच. म्हणजे तीन-चार लिटरच्या गरजेला तुम्ही एक लिटर देताय. सकाळी पाणी मिळतं, दुपारी बारापर्यंत ते संपतं, आणि रोजची अर्धी दुपार मुळं कोरडी राहतात. पुढच्या वेळी एका बॅगेत एकच झाड लावा. आता मात्र दुसरं उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, उपटताना दोन्ही दुखावतील. एकाचे शेंडे खुडून त्याची वाढ आवरा आणि पाणी वाढवा.

फक्त मगांची संख्या वाढवूनही काम होणार नाही, कारण तुमच्या मिश्रणात बहुधा आणखी एक गोष्ट झाली असेल. एक बॅग हळूच तिरकी करून कडेला बोटांनी मिश्रण बाजूला करा. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की आकसतं आणि बॅगेच्या भिंतीपासून सुटतं. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं, दहा-पंधरा सेकंदांत छिद्रांतून बाहेर येतं, आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं. मधला मुळांचा गोळा मात्र आतून कोरडाच असतो. वरचा अर्धा इंच ओला, त्याखाली हलकं, भुसभुशीत, फिकट रंगाचं मिश्रण सापडलं तर हेच झालंय असं समजा.

असा गोळा परत भिजवायला घाई चालत नाही. झारीने हळूहळू एक लिटर द्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा एक लिटर, पुन्हा थांबा. तीन-चार फेऱ्यांनी कोकोपीट पाणी धरू लागेल. बॅग उचलण्यासारखी असेल तर टबात चार-पाच इंच पाण्यात अर्धा तास उभी ठेवा, ती खालून पाणी ओढून घेईल, मग बाहेर काढून निथळू द्या. कडेची फट थोड्या ओल्या मिश्रणाने भरून दाबून घ्या. हे एकदाच करायचं, मग रोजच्या पाण्यात खंड पडू द्यायचा नाही.

रोज किती द्यायचं ते लिटरच्या हिशेबापेक्षा बोटाने ठरवा. बोट दोन पेरं आत घाला. गार, ओलसर लागलं आणि माती बोटाला थोडी चिकटली तर वाफसा आहे, थांबा. कोरडं लागलं तर द्या, आणि देताना खालच्या छिद्रांतून थोडं पाणी निथळेपर्यंत द्या. आमच्या नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोवाला शेतकरी ठिबक सुरू करण्याआधी मुठीत माती दाबून बघतो, ते याचसाठी. गच्चीवर दुसरी सोपी खूण म्हणजे बॅगेचं वजन. पाणी दिल्यावर एक कड उचलून बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत उचला. आठवड्याभरात हाताला फरक कळू लागतो आणि मग बोटही घालावं लागत नाही.

मुख्य पाणी सकाळी, ऊन चढायच्या आत. फेब्रुवारीच्या शेवटापासून संध्याकाळी दुसरी फेरी, थोडी कमी. पाणी खोडाच्या बुडाशी द्या, पानांवर नको. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे करप्याला आमंत्रण, आणि मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडाले की लवकर येणारा करपा तिथूनच सुरू होतो. खालची, मातीला टेकणारी पानं काढून टाका.

आच्छादन घाला, हे मी आग्रहाने सांगतो. उसाचं पाचट, वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल त्याचा दोन इंच थर. खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा. पाणी उडणं लक्षणीय कमी होतं आणि वरच्या थरातली बारीक मुळं जगतात. बॅगा काळ्या असतील तर पश्चिमेच्या बाजूने फळी किंवा पोतं आडवं लावा. तापलेल्या बॅगेच्या भिंतीलगतची मुळं दुपारी काम थांबवतात, मग आत पाणी असूनही झाड कोमेजतं.

कोमेजण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. भर दुपारी पानं थोडी लोंबली आणि ऊन उतरल्यावर परत उभी राहिली तर घाबरू नका. सकाळी सातला झाड लोंबलेलं असेल आणि माती कोरडी असेल, तर ते तहानलेलं आहे. सकाळी लोंबलेलं आहे पण माती ओली आहे, तर पाणी अजिबात घालू नका. एकतर मुळं कुजताहेत, म्हणजे निचऱ्याची छिद्रं बंद झालीत किंवा बॅग पाणी भरलेल्या ताटलीत उभी आहे. नाहीतर मर रोग आहे. जिवाणूंमुळे होणारी मर ओळखायला जमिनीलगतच्या खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लटकता धरा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर तेच. ते झाड मातीसकट काढून टाका आणि त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची परत लावू नका.

गच्चीवर पाण्याची जोडणी असेल तर ठिबकचा छोटा संच बसवा. प्रत्येक बॅगेला ताशी दोन लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे अर्ध्या तासात दोन लिटर, दिवसातून दोनदा. चार दिवस गावाला जाताना टायमर लावला की शेजाऱ्यांना किल्ली द्यावी लागत नाही. टोमॅटोला हे सातत्य फार मानवतं.

बॅगेच्या कडेला किंवा मातीवर पांढरी पूड जमलेली दिसतेय का, तेही बघा. जड पाणी आणि विद्राव्य खत दोन्ही सतत दिलं की क्षार साठतात, आणि क्षार वाढले की ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढायला जड जातं. म्हणजे पुन्हा बुडाला डाग. उपाय सोपा आहे: एका सकाळी नुसतं साधं पाणी, शक्य असेल तर नळाचं, बॅगेतून भरपूर निथळेपर्यंत द्या, अर्ध्या तासाने परत एकदा. तुमचं खत दोन आठवडे बंद आहेच, तेव्हा हे या आठवड्यातच उरका.

आता खत. १९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) सारख्या प्रमाणात. रोप लहान असताना हे चांगलं. फुलं दिसल्यावरही तेच चालू ठेवलं की झाड पानं वाढवत बसतं. तुमच्या झाडांची गर्द हिरवी पानं, जाड खोड, खाली वळलेले शेंडे ही जास्त नत्राची लक्षणं आहेत. शिवाय या खतातलं बरंचसं नत्र अमोनिया आणि युरियाच्या रूपात असतं, आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र मुळांशी कॅल्शियमच्या आड येतं. म्हणजे फुलगळ आणि काळं बूड या दोन्हींना तुमचं साप्ताहिक खत हातभार लावत होतं.

दोन आठवड्यांनंतर पालाश सुरू करा. ०:०:५० हे पोटॅशियम सल्फेट, लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा, बॅगेला एक-दीड लिटर द्रावण. पाच लिटरच्या बादलीला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर एकदा तोलून आपला चमचा ठरवून घ्या. झाडाचा रंग पुढे फिका पडू लागला, नवे शेंडे बारीक निघू लागले, तर ०:०:५० ऐवजी १३:०:४५ घ्या, त्यात थोडं नत्र आहे आणि ते नायट्रेटच्या रूपातलं. पालाश चांगलं म्हणून दुप्पट घालू नका, जास्त पालाशसुद्धा कॅल्शियमला मागे सारतं. कोणतंही विद्राव्य खत कोरड्या मातीत कधीच घालायचं नाही. आधी साधं पाणी, मग खताचं पाणी. नाहीतर बारीक मुळं भाजतात आणि दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपलेल्या दिसतात.

पाणी नियमित होऊन तीन आठवडे झाले आणि त्यानंतर धरलेल्या नव्या फळांनाही डाग पडला, तर मात्र कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्या. कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात याचा खरोखर उपयोग होतो, कारण कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं. ते दुसऱ्या कोणत्याही खताबरोबर एका बादलीत मिसळू नका. फॉस्फेट किंवा सल्फेटची खतं त्यात पडली की पांढरा साका तळाशी बसतो, आणि बसलेलं कॅल्शियम झाडाच्या कामाचं राहत नाही. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.

रासायनिक खत नको असेल तरी टोमॅटो उत्तम येतो, फक्त सुरुवात आधीपासून करावी लागते. लावणीच्या वेळी मिश्रणात पाव ते एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, बॅगेला मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांची भुकटी. नंतर दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत वर पसरून आच्छादनाखाली झाकायचं. शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस भिजवून दहापट पाण्यात पातळ करून दिली की रोप झपाट्याने वाढतं, पण तिच्यात नत्रच जास्त, तेव्हा फुलं आली की ती थांबवा. पालाशासाठी लाकडाची चाळलेली राख चालते, बॅगेला महिन्यातून एक चमचा, त्याहून जास्त नको, कारण ती अल्कधर्मी असते. जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं द्रावण, द्या, जरूर द्या. मातीतली जिवाणूसृष्टी त्याने जागी राहते. पण त्यात अन्नद्रव्यं थोडी, म्हणून खताऐवजी नव्हे, खताच्या जोडीला.

केळीच्या सालींचं पाणी: थोडं पालाश उतरतं, फारसं नाही. साली खताच्या डब्यात टाकणं जास्त फायद्याचं. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) तर लोक सर्रास घालतात. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, असं दिसलं तरच मॅग्नेशियमची कमतरता समजून लिटरला दोन-तीन ग्रॅमची एक फवारणी करा. उगाच मातीत ओतलं तर तेही कॅल्शियमशी स्पर्धा करतं.

फुलगळीचं दुसरं मोठं कारण तापमान. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २२-२४ च्या वर गेलं की परागकण निकामी होऊ लागतात. पुण्यात फेब्रुवारीत ती वेळ आलेली नसते, म्हणून तुमची फुलगळ मी नत्र आणि तहान यांच्याच खात्यात टाकतो. विदर्भात मार्चपासूनच तापमानाचा विचार करावा लागतो. मुंबई-कोकणात दमट हवेने परागकण चिकटून बसतात. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला फक्त हादरा हवा. रानात भुंगे ते काम फुलाला धरून गुणगुणत करतात. चौथ्या मजल्यावर ते कमीच येणार, तेव्हा सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आधाराच्या काठीला दोन टिचक्या मारा, किंवा विजेवरच्या टूथब्रशची पाठ फुलांच्या देठाला दोन सेकंद लावा. ऊन कोवळं असताना बारीक पिवळी धूळ उडालेली दिसते.

डाग पडलेली फळं झाडावर ठेवू नका, ती बरी होत नाहीत. काढा, काळा भाग कापून बाकीचा सारात किंवा चटणीत वापरा, खायला काहीच हरकत नाही. पुढे फळं रंगू लागली की पाण्याचा ताल बिलकूल मोडू नका. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिलं की साल ताणली जाऊन फळ देठाशी तडकतं. अवकाळी पाऊस येणार असं दिसलं तर रंग फिरलेली फळं आधीच काढून घरात टोपलीत पिकवा, चवीत फारसा फरक पडत नाही.

एप्रिलच्या मध्यानंतर नवी फुलं फळणार नाहीत, कितीही पाणी-खत घातलं तरी. तेव्हा मार्चअखेरीला शेंडे खुडून टाका, म्हणजे झाडाची ताकद धरलेल्या फळांकडे जाईल, आणि ती उतरली की बॅगा रिकाम्या करा. त्या मिश्रणात पुढच्या हंगामात टोमॅटो नको. पावसाळ्यात भेंडी किंवा गवार घ्या, आणि टोमॅटोचं बी सप्टेंबरात नव्या मिश्रणात टाका.